हत्यार वाढवलं तरी जनावर मरत नाही: चौघांच्या शिकारीत परत परत येणारी अडचण

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमची अडचण हीच की दुसरी ते लगेच कळेल. तीन-चार दोस्त मिळून रात्री शिकारीचा ऑनलाइन गेम खेळताय. दोन आठवडे सगळं सुरळीत चालतं. मग एक जनावर आडवं येतं आणि गाडी तिथंच थांबते. तुम्ही मागं जाऊन सामान गोळा करता, हत्यार एक पायरी वर नेता, हल्ल्याचा आकडा वाढलेला दिसतो, मोठ्या आशेनं परत जाता आणि त्याच ठिकाणी हरता. आणखी सामान, आणखी एक पायरी, पुन्हा तेच. शेवटी कुणीतरी म्हणतं, "माझं हत्यारच बेकार हाय, दुसरं घेतो." तो सगळं पहिल्यापासून सुरू करतो आणि चौघांची घडी विस्कटते.

आमच्या गटात हे चार वेळा झालं. गेम मॉन्स्टर हंटर वर्ल्ड. पहिल्यांदा अंजनाथ नावाच्या जनावरापाशी अडकलो, मग डायब्लोस, मग नर्गिगांते आणि आइसबॉर्न (याच गेमची पुढची भर) घेतल्यावर बॅरिऑथ. मी बेळगावच्या टिळकवाडीत, मावसभाऊ निपाणीत, एक दोस्त खानापुरात आणि चौथा अनगोळचा. तो घरी कन्नड बोलतो, आमच्याशी मराठी, आणि जनावर अंगावर धावून आलं की "बंतु, बंतु!" म्हणून ओरडतो. आता आम्ही तिघंही तेच ओरडतो. मराठीत "आलं, आलं" म्हणेपर्यंत माणूस चिरडलेला असतो.

हा गेम कॉम्प्युटरवर ऑगस्ट 2018 मध्ये आला, आइसबॉर्न जानेवारी 2020 मध्ये. त्यानंतर याच मालिकेतला राईज आला, 2025 च्या फेब्रुवारीत वाइल्ड्सही आला. तरी जुन्या ग्राफिक्स कार्डवर चालतो म्हणून आपल्याकडं अजून कितीतरी पोरं वर्ल्डपासूनच सुरुवात करतात आणि आम्ही अडकलो तिथंच अडकतात. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

हरलात कसे, ते आधी लिहून काढा

नर्गिगांतेपाशी तिसऱ्या आठवड्यात मी एक वही घेतली. शाळेची शंभर पानी. प्रत्येक शिकारीनंतर एक ओळ: कोण कोण होतं, किती वेळ चालली, कशानं संपली. एवढंच. आठवडाभरानं वही उघडून बघितली तर बहुतेक ओळींच्या शेवटी एकच शब्द होता, "पडला". आम्ही मात्र तीन आठवडे हल्ला वाढवायच्या मागं होतो. वेळ कधी कमी पडलीच नव्हती. पन्नास मिनिटांची मुदत असते, आम्ही विसाव्या मिनिटाच्या आतच तीन वेळा पडून बाहेर येत होतो.

या एका वहीनं जे दाखवलं ते कुठल्याच व्हिडिओनं दाखवलं नव्हतं. शिकार फसायच्या वाटा मोजक्याच आहेत आणि प्रत्येकीचं औषध वेगळं आहे. मुदत संपली असेल तर मारा कमी पडतोय. तीन वेळा पडून संपली असेल तर चिलखत नाहीतर खेळायची पद्धत कमी पडतीय आणि हत्यार कितीही वाढवलं तरी फरक पडणार नाही. हत्यार खण्णकन उलटत असेल तर धारेचा प्रश्न आहे. आणि कोण ना कोण मधेच गळत असेल तर तो लाईटीचा किंवा नेटचा प्रश्न, त्यासाठी हत्याराला दोष देऊ नका. एक लक्षात घ्या, ते तीन पडणं चौघांचं मिळून असतं. एकटाच तीनदा पडला तरी चौघांची शिकार संपते.

तेव्हा सामान गोळा करायला मागं जायच्या आधी निदान पाच शिकारींची नोंद ठेवा. हा सगळ्यांत कंटाळवाणा सल्ला आहे आणि सगळ्यांत उपयोगाचाही.

दोन हत्यारांच्या आकड्यांची तुलना करू नका

अनगोळचा दोस्त ड्युअल ब्लेड्स (हलक्या जोड तलवारी) वापरायचा, मी ग्रेट स्वॉर्ड (एकच अवजड तलवार). एका रात्री त्यानं माझा आकडा बघितला. माझा 816, त्याचा 238. "तुझं तिप्पट हाय की रे! मी इतके दिवस उगंच हाणालोय." दुसऱ्या दिवशी त्यानं ड्युअल ब्लेड्स सोडून दिल्या. दोन महिने हातात बसलेलं हत्यार त्यानं एका आकड्यापायी टाकलं. मला त्या वेळी खरं कारण माहीत नव्हतं, नाहीतर थांबवलं असतं.

वर्ल्डमध्ये पडद्यावर दिसणारा हल्ल्याचा आकडा हा हत्याराच्या जातीप्रमाणं गुणून दाखवलेला असतो. ग्रेट स्वॉर्डला 4.8 नं गुणतात, हॅमरला 5.2 नं, लाँग स्वॉर्डला 3.3 नं, ड्युअल ब्लेड्सला आणि तलवार-ढालीला 1.4 नं, धनुष्याला 1.2 नं. आता माझे 816 भागिले 4.8 करा, 170 येतात. त्याचे 238 भागिले 1.4 करा, तेही 170. दोघांची हत्यारं अगदी बरोबरीची होती. जड हत्याराचा एक फटका मोठा आणि सावकाश, हलक्या हत्याराचे फटके लहान आणि भराभर. तो हिशोब प्रत्येक वाराच्या स्वतःच्या ताकदीत वेगळा धरलेला असतो. वरचा गुणाकार नुसता वाचायला जड वाटावं म्हणून आहे. पुढं राईजमध्ये तो काढून टाकला आणि खरा आकडाच दाखवायला लागले, ते फार बरं झालं.

अग्नी, पाणी, वीज या तत्त्वांच्या आकड्यालाही असंच. पडद्यावर 300 दिसलं की खरं 30 धरा. ते प्रत्येक फटक्याला जोडलं जातं, म्हणून भराभर मारणाऱ्या ड्युअल ब्लेड्सला तत्त्वाचा फायदा भरपूर आणि सावकाश मारणाऱ्या ग्रेट स्वॉर्डला कमी. अंजनाथ पाण्याला कच्चा, नर्गिगांते विजेला, बॅरिऑथ अग्नीला. ड्युअल ब्लेड्सवाल्यानं जनावर बघून हत्यार बदलावं. ग्रेट स्वॉर्डवाल्यानं त्यामागं फार धावू नये, त्यानं खरा हल्ला आणि धार बघावी.

धार

इथं जरा थांबतो, कारण मारा कमी पडणाऱ्या बहुतेकांचं दुखणं इथंच असतं.

माझे बाबा उद्यमबागेत लेथवर काम करत. लहानपणी सुट्टीत डबा द्यायला जायचो तेव्हा एक नवीन पोरगा लेथवर होता. टूलची धार गेली होती आणि तो जोर लावून कट खोल घेत होता. मशीन कण्हत होतं, जॉबवर ओरखडे उठत होते, चिपा नीट सुटत नव्हत्या, नुसता भुगा पडत होता. बाबांनी मशीन बंद केलं, टूल काढलं, ग्राइंडरवर नेलं. ठिणग्या उडाल्या, मग पाण्यात बुडवल्याचा चर्र आवाज. परत बसवल्यावर तोच कट निम्म्या जोरात निघाला आणि चिप लांब, सलग, स्प्रिंगसारखी वळत खाली आली. ते म्हणाले, "जोर मागनं लाव, आधी धार बघ."

या गेमची धार अगदी तशीच चालते. हत्याराखाली रंगांची पट्टी असते: लाल, नारिंगी, पिवळी, हिरवी, निळी, पांढरी आणि आइसबॉर्नमध्ये जांभळी. खऱ्या हल्ल्याला धारेच्या रंगाप्रमाणं गुणलं जातं. लाल असताना 0.5, म्हणजे निम्मा मार वाया. पिवळीला 1, हिरवीला 1.05, निळीला 1.2, पांढरीला 1.32, जांभळीला 1.39.

आता लोहाराच्या दुकानात उभे आहात असं समजा. समोर दोन ग्रेट स्वॉर्ड आहेत. एकीवर 912 लिहिलंय आणि धार हिरवी. दुसरीवर 816 आणि धार निळी. दहापैकी नऊ जण 912 वाली उचलतात, मीही उचलली होती. हिशोब करा. 912 म्हणजे खरा 190, त्याला 1.05 नं गुणलं की 199.5. 816 म्हणजे खरा 170, त्याला 1.2 नं गुणलं की 204. जवळजवळ शंभर आकड्यांनी लहान दिसणारी तलवार जास्त लागते. वर आणखी एक फायदा असा की निळी धार जनावराच्या कडक भागावरून हिरवीपेक्षा कमी उलटते. डायब्लोसच्या अंगावर हिरव्या धारेनं मारून बघा, प्रत्येक दोन फटक्यांनंतर हात झटकत उभं राहावं लागतं आणि तेवढ्यात ते शिंग घालतं.

आणि धार खाली उतरत जाते हे विसरू नका. पट्टीत निळा तुकडा बारीक असेल तर दहा-बारा फटक्यांत तुम्ही हिरवीवर येता आणि बाकीची शिकार हिरवीवरच होते. हँडिक्राफ्ट नावाचं कौशल्य चिलखतातून मिळतं. प्रत्येक पातळीला धारेचे 10 एकक वाढतात, पाच पातळ्यांना 50. निळ्याच्या पुढं थोडा पांढरा दडलेला असेल तर हे कौशल्य सोन्याचं आहे. मात्र हत्याराच्या पट्टीत पुढं वरचा रंगच नसेल तर पाचही पातळ्या घालून फक्त आहे तोच रंग थोडा लांबतो. लोहाराकडच्या पडद्यावर पट्टी वाढून कशी दिसेल ते दाखवतात, तेवढं बघूनच पैसे घाला.

याच्यासमोर अटॅक बूस्ट हे हल्ला वाढवणारं कौशल्य ठेवून बघा, कारण सगळे आधी त्याच्यामागं लागतात. चार पातळ्या घातल्या की खऱ्या हल्ल्यात 12 वाढतात आणि ॲफिनिटी 5 टक्के. 190 च्या हत्यारावर 12 म्हणजे सहा टक्क्यांच्या आसपास. हिरव्या धारेवरून निळीवर गेलात तर वाढ चौदा टक्क्यांच्या वर. चार पातळ्या जमवायला जेवढा घाम गाळाल त्याच्या निम्म्या कष्टात धार मिळते.

ॲफिनिटीबद्दल थोडक्यात. तो टक्का म्हणजे फटका जोरात बसायची शक्यता, आणि तसा फटका 25 टक्के जास्त लागतो. क्रिटिकल बूस्टच्या तीन पातळ्या घातल्या तर 40 टक्के जास्त. उणे असेल तर तेवढ्या वेळा 25 टक्के कमी लागतो. डायब्लोसच्या हत्यारांवर उणे लिहिलेलं बघून पोरं घाबरतात. उणे 30 असेल तरी सरासरीत नुकसान साडेसात टक्केच, त्या बदल्यात हल्ला दणदणीत मिळतो. घाबरू नका, हिशोब करा.

नेहमी पडणाऱ्याचं चिलखत उघडून बघा

वहीत "पडला" च्या पुढं बहुतेक वेळा एकच नाव होतं, निपाणीच्या भावाचं. तो दिवसभर दुकानात असतो, रात्री साडेनऊनंतर येतो. आमच्यापेक्षा निम्मा वेळ खेळतो. त्याला आम्ही काही बोललो नव्हतो, पण त्याला स्वतःलाच लागलं होतं. एकदा म्हणाला, "दादा, तुम्ही तिघंच जावा की, माझ्यामुळं हरालोय."

त्या रात्री शिकारीला गेलोच नाही. त्याला म्हटलं, पडदा दाखव आणि एकेक कपडा उघड. डोक्यावरचं चिलखत नवीन, छातीवरचं नवीन, आणि कमरेचं नि पायाचं अजून लो रँकमधलं, म्हणजे सगळ्यांत खालच्या पायरीचं! का, तर त्या पट्ट्यावर एक कौशल्य होतं म्हणून ठेवलेला. आणि पेटी उघडली तर आर्मर स्फिअर (चिलखत वाढवायचे गोळे) नुसते पडून होते, ढिगानं. "पुढं चांगलं चिलखत मिळालं की लावीन म्हणून ठेवलोय." ही चूक मी इतक्या जणांच्या पेटीत बघितली आहे की आता पहिलं तेच विचारतो.

बचावाचा हिशोब असा आहे: 80 ला, बचाव अधिक 80 नं भागा. तेवढा हिस्सा तुम्हाला लागतो. बचाव 240 असेल तर 80 भागिले 320, म्हणजे पाव. 320 असेल तर 80 भागिले 400, म्हणजे पाचवा हिस्सा. मूळ 400 चा फटका पहिल्याला 100 लागतो, दुसऱ्याला 80. ताकद (अंगातला जीव, हेल्थ) 100 असेल तर पहिला गेला, दुसरा वीस वाचवून उठला आणि औषध प्याला. भावाचा बचाव 240 च्या आगेमागे होता. ढिगातले स्फिअर लावले आणि खालचे दोन कपडे हाय रँकमधले, म्हणजे पुढच्या पायरीचे, साधे केले, त्यावर कौशल्य एकही नाही, तरी बचाव 300 च्या पुढं गेला.

मग हेल्थ बूस्ट. तीन पातळ्यांना ताकद 50 नं वाढते. कँटीनमध्ये जेवून 100 ची 150 होते, ही घातली की 200. मारा करणाऱ्यांच्या यादीत हे कौशल्य कधी दिसत नाही, कारण त्या याद्या न पडणाऱ्या माणसांनी बनवलेल्या असतात. जो पडतो त्यानं आधी 200 करावेत. मेलेला माणूस मारा करत नाही. आणि जेवल्याशिवाय निघू नका, कितीही घाई असो. कँटीनमध्ये फेलाइन इन्शुरन्स मिळालं तर पहिलं पडणं मोजलं जात नाही.

आइसबॉर्नमध्ये गेल्यावर हा प्रश्न परत तसाच येतो, फक्त कपडे वेगळे. हाय रँकचं आवडतं चिलखत कौशल्यांसाठी अंगावर ठेवून लोक मास्टर रँकमध्ये, म्हणजे त्याच्याही वरच्या पायरीत, जातात आणि दोन फटक्यांत आडवे होतात. मास्टर रँकचं पहिलं साधं हाडाचं किंवा धातूचं चिलखतही बचावात त्याच्या पुढं असतं. पहिल्याच दिवशी बदलून टाका. कौशल्यांची हौस नंतर करता येते.

चौघं असताना चौघांसारखं हत्यार बांधा

इंटरनेटवरच्या तयार याद्या एकट्या माणसासाठी असतात. आम्ही चौघांनी एकच यादी उचलली तेव्हा काय झालं सांगतो. खानापूरचा दोस्त लाँग स्वॉर्ड फिरवायचा आणि त्याच्या प्रत्येक घेऱ्यात आमचा तोल जायचा. मी ग्रेट स्वॉर्ड भरत, म्हणजे फटक्याची ताकद साठवत, उभा असायचो, फटका सुटायच्या क्षणी त्याची पात लागायची आणि सगळं वाया. महिनाभर मी त्याला बाजूला सर म्हणत होतो. त्याचा उपाय माझ्याच हातात होता. फ्लिंच फ्री नावाच्या कौशल्याची एक पातळी पुरते, दोस्ताच्या फटक्यानं तोल जात नाही. एकट्यानं खेळताना ते फुकट, चौघांत ते पहिलं घालावं.

दुसरी गोष्ट, चौघांनीही विषाचं किंवा लकवा मारणारं हत्यार घेऊ नये. जनावर एकदा लुळं पडलं की दुसऱ्या वेळी त्याला जास्त मार लागतो, तिसऱ्या वेळी त्याहून जास्त. एक माणूस ते काम करतो, दुसरा आला की दोघांचंही पाणी होतं. झोपवायचं असेल तर एकानं झोपवावं आणि पहिला फटका ग्रेट स्वॉर्डवाल्याला द्यावा, कारण झोपेतला तो पहिला फटका दुप्पट लागतो. आमच्यात या पहिल्या फटक्यावरून भांडणं व्हायची. आता ठरलेलं आहे, सगळे मागं सरतात, मी तीनदा भरतो आणि सोडतो. त्या आवाजासाठी मी हा गेम खेळतो, खरं सांगतो.

आइसबॉर्नमध्ये क्लच क्लॉ नावाच्या पंज्यानं जनावरावर चढून एखादा भाग नरम करता येतो. जड हत्यारवाला, म्हणजे ग्रेट स्वॉर्ड, हॅमर, लान्स वगैरे, एका वेळेत करतो. हलक्या हत्यारवाल्याला दोनदा चढावं लागतं. वीकनेस एक्स्प्लॉइट या कौशल्याची तिसरी पातळी कमजोर भागावर ॲफिनिटी 30 टक्के देते, तोच भाग नरम केलेला असेल तर 50. आइसबॉर्नच्या आधी ते सरळ 50 होतं, म्हणून जुने व्हिडिओ बघून बांधणारे इथं फसतात. तेव्हा नरम करायची जबाबदारी एका जड हत्यारवाल्याची, आणि बाकी तिघांनी त्यानं नरम केलेल्या जागेवरच मारायचं. चौघं चार दिशेला कापत बसले तर कुठलंच काम पुरं होत नाही.

आणि एकानं वाइड रेंज हे कौशल्य घालावं. पाच पातळ्या झाल्या की तो औषध प्याला की ते पूर्ण जवळच्या सगळ्यांना मिळतं. आमच्यात ते निपाणीच्या भावानं घेतलं. ज्याला "माझ्यामुळं हरालोय" वाटत होतं तोच आता सगळ्यांना उभं ठेवतो. तलवार-ढाल काढली, तिच्यात हत्यार न ठेवता औषध पिता येतं, म्हणून त्या कामाला ती बरोबर बसते.

मागं राहिलेल्या दोस्ताला ओढायचं कसं

कथेच्या शिकारीत मधला छोटा चित्रपट (कटसीन) स्वतः बघितल्याशिवाय दोस्ताला आत येता येत नाही. हा गेमचा खरोखर वाईट भाग आहे. उपाय असा: प्रत्येकानं आपापली शिकार सुरू करायची, जनावर दिसून चित्रपट संपला की तिघांनी परत फिरायचं आणि चौथ्याच्या शिकारीत सामील व्हायचं. पंधरा मिनिटं जातात, पण कुणी मागं राहत नाही.

आइसबॉर्न आल्यानंतर डिफेंडर हत्यारं आणि गार्डियन चिलखत मिळायला लागलं. नव्या माणसाला लवकर पुढं आणायला ते दिलेलं आहे. माझं मत, पहिल्यांदा खेळणाऱ्यानं ते घेऊ नये. त्यानं जनावरं इतकी पटकन मरतात की चुकवायचं कसं, धार कधी लावायची, काही शिकायची वेळच येत नाही. मास्टर रँकमध्ये त्याची ताकद अपुरी पडते आणि तिथं तो माणूस कोरा उभा असतो. गटातला एकच माणूस फार मागं असेल आणि त्यानं हा गेम आधी खेळलेला असेल, तर मात्र जरूर वापरा.

हाच घोळ दुसऱ्या गेममध्ये

वॉरफ्रेममध्ये आकड्यांचा फसवा भाग वेगळा आहे. सेरेशन हे बंदुकीत घालायचं मॉड (सुधारणेचं कार्ड) पूर्ण वाढवलं की मारा 165 टक्क्यांनी वाढतो, 100 चे 265 होतात. मग कुणीतरी हेवी कॅलिबर घालतो, तेही 165. वाटतं परत तेवढंच वाढेल. पण दोन्ही एकाच जातीचे टक्के, त्यांची बेरीज होते, 430 होतात, म्हणजे 265 च्या मानानं वाढ फक्त 62 टक्के, आणि नेम बिघडतो तो वेगळा. त्या जागी स्प्लिट चेंबर घाला. गोळ्या 90 टक्क्यांनी वाढतात, त्याचा गुणाकार होतो, 265 चे 503 च्या पुढं जातात. लहान आकडा मोठ्यापेक्षा भारी पडतो, अगदी निळ्या धारेसारखा.

डीप रॉक गॅलॅक्टिकमध्ये प्रत्येक बंदुकीला सुधारणांच्या पाच पायऱ्या आणि वर एक ओव्हरक्लॉक, म्हणजे खास सुधारणा. ओव्हरक्लॉक तीन जातीचे: क्लीन, बॅलन्स्ड आणि अनस्टेबल. लाल अनस्टेबल दिसला की पोरं लगेच लावतात. त्यानं एक गोष्ट प्रचंड वाढते आणि दुसरी तेवढीच पडते. चौघांत तिघांनी गर्दी मारायची बंदूक घेतली असेल तर एकानं ड्रेडनॉटसारख्या एकट्या मोठ्या जनावरासाठी बांधायला हवी. तेवढं आधी बोलून ठरवलं की धोक्याची पाचवी पातळीही जमते.

रेम्नंट 2 मध्ये तर उलटंच. तिथं नवीन जग तयार होताना त्याची पातळी ठरवायला तुमचं सगळ्यांत वर नेलेलं हत्यारही धरलं जातं. एक बंदूक पार वर नेऊन ठेवायची आणि खेळायचं दुसऱ्याच कच्च्या बंदुकीनं, असं केलं तर समोरची जनावरं त्या पक्क्या बंदुकीच्या मापाची येतात. तिथं जे वापरता तेच वाढवा.

बॅरिऑथची रात्र

जुलै महिना. खानापुरात पाऊस लागला की चार-चार दिवस उघडत नाही, लाईटीचा भरवसा नसतो. वहीत बॅरिऑथच्या सात ओळी झाल्या होत्या. पाचांत "पडलो", दोनांत "मुदत". म्हणजे दोन्ही दुखणी होती. चिलखत चौघांनी मास्टर रँकचं केलं. अनगोळच्या दोस्तानं ड्युअल ब्लेड्स परत काढल्या, अग्नीच्या. मी पांढरी धार येईपर्यंत तलवार वाढवली आणि हल्ल्याकडं बघितलंच नाही. बॅरिऑथ झेप घेतो ते पुढच्या पंखासारख्या पायांवरच्या काट्यांच्या जोरावर, ते फोडले की झेपेनंतर घसरून पडतो. म्हणून पहिली दहा मिनिटं चौघांनी फक्त पुढचे पाय मारायचे असं ठरलं.

डावा पाय फुटला आणि खानापूरचा दोस्त गेला. लाईट. आधी असं झालं की आम्ही सोडून द्यायचो. पण आइसबॉर्नपासून माणसं गळत गेली तर जनावराची ताकदही कमी होऊ शकते, त्याआधी वर्ल्डमध्ये दोघांना आणि चौघांना जनावर सारखंच जड यायचं. म्हणून खेळत राहिलो. उजवा पाय फुटला. बॅरिऑथनं झेप घेतली, जमिनीवर टेकला आणि बर्फावरनं घसरत जाऊन कुशीवर पडला. "बंतु" ओरडायला तोंड उघडलेला अनगोळचा दोस्त तसाच थांबला.

त्या शिकारीच्या ओळीत मी वेळ लिहिली, एकतीस मिनिटं, आणि पडलेल्यांच्या रकान्यात एक. तो मी होतो. खानापूरच्या दोस्ताची लाईट तासाभरानं आली. बॅरिऑथ त्याचा व्हायचा राहिला होता, म्हणून साडेबाराला परत चौघं मिळून गेलो.